साखळीची दोन टोकं

१६ जानेवारी १९८६ रोजी ॲपलने मॅकिंटॉश प्लस जाहीर केला. समोरून पाहिलं तर तो आधीच्या मॅकसारखाच दिसे: नऊ इंची काळापांढरा पडदा, फ्लॉपीची एक फट, वर उचलायची खाच. फरक पाठीमागे होता. तिथे पंचवीस छिद्रांचा एक नवा पोर्ट आला होता. त्यात केबल खोचायची, तिचं दुसरं टोक हार्ड डिस्कच्या पेटीत, त्या पेटीतून निघालेली केबल पुढच्या पेटीत, अशी सात पेट्यांपर्यंत साखळी वाढवत न्यायची. शेवटच्या पेटीवर टर्मिनेटर नावाचा बोटभर लांबीचा ठोकळा बसवायचा. ही स्कझीची साखळी. पुढची बारा-तेरा वर्षं ती मॅकच्या पाठीला जोडलेली राहिली, आणि अमिगा, अटारी यांच्या घरातही ती या ना त्या रूपात शिरली.

त्या बोटभर ठोकळ्याबद्दल जितक्या अफवा पसरल्या तितक्या संगणकाच्या दुसऱ्या कुठल्याही भागाबद्दल पसरल्या नसतील. टर्मिनेटर लावला तर डिस्क दिसत नाही, काढला तर दिसते. दोन लावले तर यंत्र गोठतं, तिसरा लावला तर सुरळीत चालतं. लोक याला जादूटोणा म्हणू लागले. चाळीस वर्षांनी मागे वळून पाहताना मला वाटतं, या साखळीवर मोठा अन्याय झाला. तिचे नियम मोजके होते आणि त्यांच्यामागची कारणं विजेच्या शास्त्रात लख्ख लिहिलेली होती. घोळ झाला तो यंत्रं बनवणाऱ्यांनी चार पैसे वाचवण्यासाठी त्या नियमांना पाडलेल्या पळवाटांमुळे, आणि त्याचा भुर्दंड घरी बसलेल्या ग्राहकाने भरला.

हार्ड डिस्क घरात येण्याआधीची स्थिती आठवायला हवी. १९८१ मध्ये ॲपलने ॲपल थ्रीसाठी प्रोफाइल नावाची बाहेरून जोडायची हार्ड डिस्क काढली. क्षमता ५ मेगाबाइट, किंमत ३,४९९ डॉलर. आतलं यंत्र होतं सीगेटचं एसटी-५०६, म्हणजे १९८० मध्ये आलेली पहिली सव्वापाच इंची हार्ड डिस्क. ही डिस्क स्वतः अगदी अडाणी होती. हेड एक पाऊल आत घे, एक पाऊल बाहेर घे, इथपर्यंतच तिची समज. फिरत्या तबकडीवरून येणाऱ्या खुणांचा अर्थ लावणं, चूक झाली की पुन्हा वाचणं, हे सगळं बाहेरच्या कंट्रोलरने करायचं. त्यामुळे प्रत्येक कंपनीने आपापल्या यंत्राला सोयीची वेगळी तजवीज केली. कमोडोरने पेट संगणकासाठी डी९०६० आणि डी९०९० या पेट्या काढल्या, त्या आयईईई-४८८ केबलवर चालत. ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीने बीबीसी मायक्रोसाठी १० आणि ३० मेगाबाइटच्या विंचेस्टर डिस्क दिल्या. त्या यंत्राच्या पोटाखाली असलेल्या एक मेगाहर्ट्‌झ बसला लागत. आपल्याकडे १९८४ पासून ‘क्लास’ प्रकल्पातून शाळांमध्ये आले ते हेच बीबीसी मायक्रो. इथल्या मुलांनी ज्या यंत्रावर बेसिकच्या पहिल्या ओळी टाइप केल्या, त्याच्या तळाशी हार्ड डिस्कसाठीची ही वाट तयारच होती.

एका कंपनीची पेटी दुसऱ्या कंपनीच्या संगणकाला लावायचा प्रश्नच तेव्हा नव्हता. हे चित्र बदललं ते शुगार्ट असोसिएट्समध्ये. फ्लॉपी ड्राइव्हसाठी नावाजलेल्या या कंपनीत १९७९ मध्ये लॅरी बाउचर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सासी नावाची पद्धत आखली. कंपनीला ज्याचं नाव होतं तो ॲलन शुगार्ट तेव्हा तिथे नव्हता. तो आधीच बाहेर पडला होता आणि त्याच वर्षी त्याने सीगेटची पायाभरणी केली. सासीतली कल्पना थोर होती. कंट्रोलरचं डोकं डिस्कच्या बाजूला हलवायचं आणि संगणकाने फक्त मागणी करायची: अमुक क्रमांकाचा ब्लॉक दे, तमुक क्रमांकावर हे लिही. तबकडीला किती बाजू, किती वर्तुळं, हेड कुठे आहे, यातलं काहीही संगणकाला ठाऊक असायची गरज उरली नाही. उद्या डिस्क दुप्पट मोठी झाली तरी मागणीची भाषा तीच. आज आपण वापरतो त्या जवळपास प्रत्येक साठवणयंत्राशी संगणक याच रीतीने बोलतो. बाउचरने १९८१ मध्ये शुगार्ट सोडून अडॅप्टेक काढली, सासीचं पुढे स्कझी झालं आणि १९८६ मध्ये अमेरिकेच्या एएनएसआय संस्थेने तिला मानक म्हणून मान्यता दिली. मॅक प्लस आला तेव्हा मानकाच्या कागदांवरची शाई पुरती वाळलेलीही नव्हती.

ॲपलला घाई का होती ते समजण्यासारखं आहे. प्लसच्या फ्लॉपीत ८०० किलोबाइट मावत. सिस्टिम, प्रोग्राम आणि आपलं लिखाण एवढं सगळं त्यात कोंबणं अवघड होई, आणि एकच ड्राइव्ह असेल तर फ्लॉपी आत-बाहेर करण्यातच वेळ जाई. आधीच्या मॅकला हार्ड डिस्क जोडायला नीट जागाच नव्हती. १९८५ मध्ये जनरल कॉम्प्युटर या कंपनीने हायपरड्राइव्ह नावाची १० मेगाबाइटची डिस्क मॅकच्या पोटातच बसवली. तिची जोडणी थेट मुख्य प्रोसेसरच्या पायांवर चिमटा लावून केलेली होती. त्याच वर्षी ॲपलने स्वतःची हार्ड डिस्क २० काढली, ती फ्लॉपीच्या पोर्टमधून चाले. मॅकच्या खाली बरोबर मावेल असा तिचा आकार होता आणि दिसायलाही ती देखणी होती. पण फ्लॉपीसाठी आखलेल्या अरुंद वाटेने तिची सगळी ये-जा, त्यामुळे वेग बेताचा. शिवाय जुन्या ५१२के मॅकवर आधी फ्लॉपीने यंत्र सुरू करायचं आणि मग कारभार डिस्ककडे सोपवायचा, असा द्राविडी प्राणायाम. स्कझीमुळे हे सगळं एका फटक्यात मागे पडलं. प्लस थेट बाहेरच्या डिस्कवरून सुरू होऊ शके, आणि ती डिस्क ॲपलचीच असली पाहिजे असं बंधन नव्हतं. दोन-तीन वर्षांत लहानमोठ्या कितीतरी कंपन्या मॅकसाठी हार्ड डिस्कच्या पेट्या विकू लागल्या.

आता साखळीचे नियम. केबलवर एकूण आठ जागा, ० ते ७. प्रत्येक यंत्राला स्वतःचा क्रमांक. मॅक स्वतः ७ घेई, कारण एकाच वेळी दोघांना बोलायचं असेल तर मोठ्या क्रमांकाला मान. पोटात डिस्क असलेल्या मॅकमध्ये ती ० क्रमांकावर असे. बाहेरच्या पेट्यांसाठी उरलेले क्रमांक. चांगल्या पेटीच्या पाठीला लहान बटणं असलेली एक आकडेखिडकी असे, दाबलं की क्रमांक बदले. स्वस्त पेटीत झाकण उघडून पिनांच्या तीन जोड्यांवर जंपरच्या टोप्या लावाव्या लागत. त्यांची किंमत ४, २ आणि १, बेरीज करायची. दोन पेट्यांना एकच क्रमांक गेला की एक डिस्क पडद्यावर उगवतच नसे, किंवा त्याहून वाईट म्हणजे दोन्ही उत्तर देत आणि लिहिलेलं बिघडे. आधी पेट्यांची वीज चालू करायची, मग संगणकाची. यंत्र चालू असताना केबल कधीही काढायची-घालायची नाही, नाहीतर स्कझीची चिप किंवा फ्यूज गेलाच म्हणून समजा. मॅक प्लसमध्ये ही चिप एनसीआर ५३८० होती. केबलची एकूण लांबी, सगळ्या तुकड्यांची बेरीज करून, सहा मीटरच्या आत.

आणि दोन टोकांना दोन टर्मिनेटर. मधे एकही नाही.

हा शेवटचा नियमच लोकांना पटत नसे, कारण त्याचं कारण कुणी सांगतच नसे. ते थोडं सविस्तर सांगतो. एका टोकाला घट्ट बांधलेल्या दोरीला आपण झटका दिला की लाट पुढे जाते, गाठीवर आपटते आणि उलटी परत येते. तारेतून जाणारा विजेचा बदलही टोकाला पोचला की असाच परततो. टोक उघडं असेल तर तो पूर्ण जोराने परततो आणि वाटेत भेटेल त्या खऱ्या संदेशात मिसळतो. तारेला स्वतःचा एक गुणधर्म असतो, इम्पीडन्स. साध्या स्कझी केबलमध्ये तो साधारण शंभर ओहमच्या वर असतो. तारेच्या टोकाला तेवढाच रेझिस्टर जोडला तर लाटेला वाटतं तार पुढे चालूच आहे. ती त्या रेझिस्टरमध्ये जिरते आणि परतत नाही. जुन्या टर्मिनेटरच्या ठोकळ्यात प्रत्येक संदेशतारेमागे दोन रेझिस्टर असत: एक २२० ओहमचा, पाच व्होल्टकडे जोडलेला; दुसरा ३३० ओहमचा, जमिनीकडे. दोघांचा एकत्रित परिणाम १३२ ओहम. अशा अठरा तारा: आठ माहितीच्या, एक चूक ओळखणाऱ्या पॅरिटीची, नऊ नियंत्रणाच्या.

पण टर्मिनेटरचं दुसरं एक काम होतं आणि तेच बहुतेकांच्या नजरेतून सुटलं. स्कझीच्या तारेवर कुठलंही यंत्र व्होल्टेज वर ढकलत नाही. यंत्राला काही सांगायचं असेल तेव्हा ते तार खाली खेचतं. सांगून झालं की सोडून देतं. सोडल्यावर तारेला पुन्हा वर, सुमारे तीन व्होल्टवर, कोण नेतं? टर्मिनेटरमधले तेच दोन रेझिस्टर. म्हणजे टर्मिनेटर एकाच वेळी लाट जिरवणारा आणि तारेला उभं ठेवणारा आहे. त्यासाठी त्याला वीज लागते, आणि ती केबलमधल्याच एका वेगळ्या तारेतून येते. या तारेला टर्मपॉवर म्हणत.

एवढं कळलं की जादूटोण्याच्या साऱ्या कथा उलगडतात. साखळीत एकही टर्मिनेटर नसेल किंवा त्याला वीज मिळत नसेल तर तारा वर जातच नाहीत, यंत्र गप्प. दोनच्या जागी तीन झाले तर? टर्मिनेटरवाली प्रत्येक तार खाली खेचताना चिपला प्रत्येक ठोकळ्यामागे सुमारे २० मिलिअँपिअर प्रवाह गिळावा लागतो. मानकाने चिपकडून ४८ मिलिअँपिअरची तयारी मागितली होती, म्हणजे दोन ठोकळ्यांपुरती. तिसरा आला की चिपची दमछाक होते, तार पुरती खाली जात नाही. काही चिप धडधाकट निघत आणि तेही सोसत. त्या घरात तीन टर्मिनेटर ‘चालत’, आणि तिथून अफवा निघे.

चुकीच्या जोडणीवरही डिस्क कशी काय चालत असे, याचंही उत्तर आहे. तारेत संदेश एका मीटरला साधारण पाच नॅनोसेकंद घेतो. अर्ध्या-पाऊण मीटरच्या केबलवर लाट जाऊन परत यायला पाच ते आठ नॅनोसेकंद; संदेश पुरता उमटायच्या आतच ती येऊन विरून जाते. सहा मीटरच्या केबलवर मात्र येण्याजाण्याला साठ नॅनोसेकंद लागतात. स्कझीच्या नियमाप्रमाणे पाठवणारं यंत्र माहिती तारांवर ठेवल्यानंतर निदान ५५ नॅनोसेकंदांनी ‘घे’ अशी खूण करतं. म्हणजे लांब केबलवर लाट नेमकी वाचायच्या क्षणी येऊन थडकते. त्याहून घातक म्हणजे ती खुणेच्या तारेवर आली तर समोरचं यंत्र एकच बाइट दोनदा मोजतं, आणि पुढची सगळी माहिती एकेक जागा सरकते. एक पेटी होती तोवर सगळं छान, दुसरी पेटी घेतली आणि फायली बिघडू लागल्या, ही तक्रार त्या काळात घरोघर होती. दोष नव्या पेटीवर जाई. खरं तर जोडणी पहिल्या दिवसापासून चुकलेली असे, केबल आखूड होती म्हणून निभावलं.

आता कंपन्यांनी काय केलं ते पाहू. मानकातली केबल पन्नास तारांची होती, जवळपास प्रत्येक संदेशतारेला स्वतःची जमिनीची जोडीदार तार. ॲपलने प्लसवर पंचवीस पिनांचा पोर्ट बसवला. अठरा संदेश आणि एक टर्मपॉवर वजा केले की जमिनीसाठी उरतात फक्त सहा. जागा वाचली, पैसे वाचले, पण केबल गोंगाटाला बळी पडू लागली. भरीस भर म्हणजे अगदी याच आकाराचा पोर्ट पीसीच्या मागे प्रिंटरसाठी होता. प्रिंटरची केबल चुकून स्कझीत गेली तर परिणाम वाईट. दुसरी काटकसर आणखी बोचरी. प्लस टर्मपॉवर पुरवतच नसे. पंचवीस क्रमांकाची पिन होती, तिच्यावर वीज नव्हती. साखळीतल्या कुठल्यातरी पेटीने ती पुरवावी अशी अपेक्षा. प्लसच्या पोटात टर्मिनेटरही नव्हता, म्हणून दोन पेट्या असतील तर एक ठोकळा पहिल्या पेटीवर आणि एक शेवटच्या पेटीवर लावायचा, पण एकच पेटी असेल तर एकच ठोकळा, असा त्या यंत्रापुरता वेगळा नियम. पुढच्या वर्षी आलेल्या एसई आणि मॅक टूमध्ये आतल्या डिस्कवर टर्मिनेटर असे, तिथे बाहेर फक्त शेवटी लावायचा. पण तो एसई बिनडिस्कचा, दोन फ्लॉपींचा असेल तर पुन्हा नियम बदलला. १९९० मध्ये मॅकिंटॉश टू-एफएक्स आला, त्याच्या वेगवान स्कझीला नेहमीचा राखाडी ठोकळा चालेना. त्यासाठी काळ्या रंगाचा खास टर्मिनेटर. दुकानदाराला विचारलं तर तोही गोंधळलेला.

पेट्या विकणाऱ्यांनी यावर कळस चढवला. पुष्कळ कंपन्यांनी टर्मिनेटर पेटीच्या आतच, डिस्कच्या सर्किटवर रेझिस्टरच्या तीन बारीक पट्ट्यांच्या रूपात बसवून ठेवला. एकच पेटी घेणाऱ्याला ते सोयीचं वाटे. दुसरी घेतली की मधल्या पेटीतल्या पट्ट्या उपटून काढणं आलं. त्या कुठे आहेत हे कागदात लिहिलेलं नसे, कधी त्या थेट डाखलेल्याच असत, आणि झाकण उघडलं तर हमी रद्द. ग्राहकाला विजेच्या मंडलाचा एक भाग सांभाळायला दिला आणि तो भाग दिसणार नाही असा लपवून दिला. माझ्या मते या सगळ्या काळातली खरी चूक हीच. टर्मिनेटर नेहमी बाहेर, डोळ्यांसमोर, एका साध्या बटणावर असता तर अर्धी तक्रार जन्मलीच नसती.

पाच व्होल्ट आणि दोन रेझिस्टर यांच्या जुन्या जोडीतही एक उणीव होती. टर्मपॉवरची वीज सहा मीटरच्या टोकाला पोचेपर्यंत मलूल होई, आणि त्याबरोबर सगळ्या तारांची पातळी घसरे. यावर तोडगा निघाला तो ॲक्टिव्ह टर्मिनेटरचा. त्यात एक लहान रेग्युलेटर २.८५ व्होल्ट पक्के धरून ठेवतो आणि तिथून प्रत्येक तारेला ११० ओहमचा एकच रेझिस्टर. स्कझीच्या दुसऱ्या मानकात त्याला जागा मिळाली. जुन्या यंत्रालाही तो चालतो आणि बहुतेकदा जुन्या ठोकळ्यापेक्षा सरस ठरतो.

अटारीची वाट वेगळी. १९८५ च्या एसटी संगणकावर एकोणीस पिनांचा डीएमए पोर्ट होता, त्यावरच्या पद्धतीला एसीएसआय म्हणत. ती सासी-स्कझीचीच गरीब बहीण. पॅरिटी नाही, एकाहून अधिक मालकांमध्ये निवाडा नाही, संगणक बोलणार आणि बाकीच्यांनी ऐकायचं. एसएच२०४ आणि नंतरच्या मेगाफाइल ३०, मेगाफाइल ६० या तिच्या पेट्या. खरी स्कझी डिस्क लावायची तर मधे रूपांतर करणारं कार्ड हवं. टोकांच्या टर्मिनेटरची काटेकोर शिस्त या पोर्टला नव्हती, म्हणून केबल जितकी आखूड तितकी बरी, एवढाच खरा नियम. ज्यांनी लांब केबल वापरली त्यांनी पस्तावा केला.

कमोडोरने अमिगा ५०० साठी १९८९ मध्ये काढलेली ए५९० ही पेटी मला या साऱ्या काळातली सर्वांत विचारपूर्वक केलेली घरगुती हार्ड डिस्क वाटते. ती केबलने लागत नसे. संगणकाच्या डाव्या कुशीतल्या लांब जोडणीत सरळ खोचली जाई आणि त्याचाच भाग होऊन बसे. आत २० मेगाबाइटची डिस्क, ती स्कझी नव्हे तर पीसी एक्सटीच्या जातीची, स्वस्त. पण त्याच सर्किटवर स्कझीही होती आणि पाठीला मॅकसारखाच पंचवीस पिनांचा पोर्ट. म्हणजे ज्याला वाढवायचं त्याला वाट मोकळी. वर दोन मेगाबाइटपर्यंत मेमरीच्या चिप बसवायची सोय. अमिगाच्या रॉममध्ये किकस्टार्ट १.३ असेल तर यंत्र थेट डिस्कवरून सुरू होई, जुन्या १.२ वाल्यांना फ्लॉपीचा आधार घ्यावा लागे. वीज तिला वेगळ्या अडॅप्टरमधून, त्यामुळे संगणकावर भार नाही.

याच काळात पीसीच्या जगात आयडीई आली आणि जिंकली. दोनच डिस्क, अठरा इंचांची केबल, सगळं डब्याच्या आत, आणि टर्मिनेटरची कटकट वापरणाऱ्याच्या डोक्याला नाही. ती स्वस्त होती. बाहेर मात्र ती जाऊ शकत नव्हती, आणि बाहेर जायची गरज ज्यांना होती ते स्कझीला धरून राहिले. त्यांत सर्वांत मोठा वर्ग छपाईवाल्यांचा. सायक्वेस्टच्या ४४ मेगाबाइटच्या काढता येणाऱ्या कार्ट्रिज आणि १९९५ पासून आयओमेगाच्या १०० मेगाबाइटच्या झिप डिस्क या धंद्याच्या चलनी नोटा होत्या. मुंबई-पुण्यातल्या जाहिरात संस्था आणि डीटीपीवाले मॅकवर पान लावत आणि झिप खिशात घालून आउटपुटसाठी जात. त्या पिढीतल्या ज्यांनी हे काम केलं त्यांना झिप ड्राइव्हच्या पाठीवरची दोन बटणं आठवतील. एक ५ की ६ एवढंच विचारणारं, दुसरं टर्मिनेटर चालू की बंद. आयओमेगाने तेवढ्या दोन बटणांत अख्खा प्रश्न आणून ठेवला. मी वर ज्या साध्या बटणाची अपेक्षा केली ते हेच. दहा वर्षं उशिरा आलं.

त्यानंतर शेवट झपाट्याने झाला. १९९४ मध्ये क्वाड्रा ६३० च्या पोटात ॲपलने स्वतःच आयडीई डिस्क घातली. ऑगस्ट १९९८ मध्ये आयमॅक विक्रीला आला, त्यावर स्कझी नव्हती, होता यूएसबी. जानेवारी १९९९ च्या निळ्यापांढऱ्या पॉवर मॅक जी३ वर स्कझीच्या जागी फायरवायर आली. क्रमांक लावायचा नाही, टोक बंद करायचं नाही, चालू यंत्रात केबल खोचा नाहीतर काढा. टर्मिनेशन नाहीसं झालं असं मात्र नाही. लाट आजही टोकावर आपटते, वेग वाढल्यामुळे पूर्वीपेक्षा जोरात. तिला जिरवणारे रेझिस्टर आता चिपच्या आत आहेत आणि प्रत्येक केबलला दोनच टोकं आहेत, म्हणून तिसऱ्या ठोकळ्याचा प्रश्न उद्भवत नाही. जे काम आधीही ग्राहकावर टाकायला नको होतं ते अखेर अभियंत्यांनी आपल्याकडे घेतलं.

जुनी यंत्रं मात्र संपलेली नाहीत. ती जिवंत ठेवणारी माणसं जगभर आहेत, आणि त्यांनी केलेलं काम थक्क करणारं आहे. एकोणीस पिनांचा तो प्लग, जो अटारीची डिस्क आणि मॅकची बाहेरची फ्लॉपी या दोन्हींना लागे, बाजारातून पार संपला होता. २०१६ मध्ये काही हौशी आणि लहान विक्रेत्यांनी एकत्र येऊन त्याचे नव्याने दहा हजार नग बनवून घेतले. ब्लूस्कझी, झुलूस्कझी, स्कझीटूएसडी अशी लहान सर्किटं आज मिळतात. त्यांत मेमरी कार्ड घातलं की जुन्या संगणकाला ती हार्ड डिस्कच वाटते. आणि जुनी अडचणही तशीच राहिली आहे. मॅक प्लस टर्मपॉवर देत नाही, म्हणून त्याच्या पाठीला लावलेल्या ब्लूस्कझीला वेगळी वीज द्यावी लागते. ज्याला हे माहीत नसतं तो नवं सर्किट खराब आलं म्हणून परत पाठवतो.

मूळ तबकड्यांची गोष्ट निराळी. त्यांना वय आहे. क्वांटमच्या प्रोड्राइव्ह जातीच्या डिस्कमध्ये हेडला थोपवायला रबराचे तुकडे होते. त्या रबराचा आता डांबरासारखा चिकट लगदा होतो आणि हेड तिथे अडकून बसतं. इतर अनेक डिस्कमध्ये हेड तबकडीलाच चिकटतं आणि मोटर फिरत नाही. अशा डिस्कवर कुणाच्या पहिल्या कथेचं टंकलिखित असेल, कुणाच्या छापखान्याचे फाँट असतील, कुणा संगीतकाराच्या अटारीवरच्या रचना असतील. त्यांची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते.

म्हणून ज्यांच्या माळ्यावर असा मॅक, अमिगा किंवा अटारी आपल्या पेटीसह पडला आहे त्यांना एक विनंती. हौसेने लगेच वीज लावू नका. आधी साखळी मोजा: टोकं कुठली, टर्मिनेटर किती, पेटीच्या आत लपलेला एखादा आहे का, टर्मपॉवर कोण देणार, क्रमांक वेगवेगळे आहेत का. एका पेटीने आणि आखूड केबलने सुरुवात करा. पेटीचा वीजपुरवठा जुना आहे, डिस्क त्यावरून काढून ठेवा आणि पाच आणि बारा व्होल्ट मीटरवर तपासून पाहा. हे सगळं झालं आणि डिस्क फिरली, तिचं चित्र पडद्यावर उमटलं, तर ती उघडून गंमत पाहत बसू नका. सर्वांत आधी तिची पूर्ण नक्कल मेमरी कार्डावर उतरवून घ्या, कारण ती दुसऱ्यांदा फिरेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही.